तिच्या बाळाचे काय?

सकाळच्या वेळी वसई स्टेशनवर महिलांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. आपल्या कुपारी समाजातील शिक्षिका, केरळहून येऊन इथे स्थायिक झालेली परिचारिका, दादरला फुले नेणारी वाडवळ भगिनी अशा सगळ्या दाटीवाटीने उभ्या असतात. भाषा निराळ्या, पण फोनवरचा प्रश्न एकच: "बाळाने दूध घेतले का?"

घरी सासूबाई असतील तर चिंता नसते. परिचारिकेची आई मात्र दूर केरळात. मग पाळणाघर, नाही तर कामाला येणारी बाई.

माझी मुलगी लहान असताना पूर्वेकडच्या पाड्यावरून एक वारली बाई तिला सांभाळायला येत असे. एकदा तिला दोन तास उशीर झाला. माझी लोकल चुकली होती, मी तिला बरेच बोलले. माझ्या मुलीला कडेवर घेत ती हळूच म्हणाली, "ताई, पोराला ताप आलाय. शेजारणीकडे ठेवून आले." तरीही मी कामावर गेले. आजही ते मनाला बोचते.

आईने नोकरी करावी का, हा प्रश्न मला पडत नाही. आपल्या आज्याही वाडीत राबल्याच. प्रश्न न्यायाचा आहे. माझी ओढाताण दुसऱ्या आईच्या माथी मारून मी सुटले, तर त्याला समतोल म्हणावे का?

२०१७ साली कायद्यात बदल होऊन पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. हे चांगलेच झाले. पण घरकाम करणारीची कचेरी म्हणजे आपले स्वयंपाकघर. तिथे ही रजा पोहोचत नाही. तिथे मालक आपणच.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी माझ्या पतीने रजा घ्यावी, हे कुणालाच सुचले नाही, मलाही नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पुरुषांनी थोडा भार उचलला, तर दोन्ही आयांचा जीव हलका होईल.

उद्या सोमवार. कामाला येणाऱ्या ताईंना दारातच विचारू या, "तुमचे मूल कसे आहे?" आणि ते आजारी असेल, तर पगार न कापता त्यांना घरी जाऊ देऊ या.