घडून गेलेले आणि लिहून झालेले

घडून गेलेली गोष्ट न घडलेली करणे देवाला तरी शक्य आहे का, हा प्रश्न फार जुना आहे. नाटककार अगाथॉन यांचा दाखला देऊन ॲरिस्टॉटल यांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले. अकराव्या शतकात पीटर डेमियन या इटालियन धर्मपंडितांनी मात्र देवाच्या सामर्थ्याला अशी मर्यादा घालण्यास विरोध केला. लेखक हाही आपल्या कथाविश्वाचा निर्माताच, त्यामुळे त्यालाही हा प्रश्न चुकत नाही. त्याने रचलेला भूतकाळ तर छापील प्रतींच्या रूपाने वाचकांच्या घरात जाऊन बसलेला असतो.

आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्याशी संपवले आणि १९०३ मध्ये परत आणले. वरकरणी हे भूतकाळ पुसणेच वाटते. पण जुन्या कथेत होम्सला मरताना कोणी पाहिलेलेच नाही. कड्याच्या टोकापर्यंत जाऊन न परतलेल्या पाऊलखुणा आणि एक चिठ्ठी, एवढ्यावरून होम्सचा सोबती वॉटसन तसा निष्कर्ष काढतो. पुढे चुकीचा ठरतो तो त्याचा तर्क. वॉटसनच्या जखमेचे तसे नाही. ती पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे, दुसरीत पायाला. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९७८ मध्ये कथेतील सत्याचा विचार करताना ही विसंगती चर्चेला घेतली. मजकुराची दुरुस्ती कोणत्याही बाजूने केली तरी वॉटसन जखमी झाला होता, एवढे खरे राहतेच.

सर्वांत विचारपूर्वक केलेला बदल जे. आर. आर. टॉल्किन यांचा. ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या आवृत्तीत गुहेत राहणारा गॉलम कथानायक बिल्बोशी चाललेल्या कोड्यांच्या खेळात आपली अंगठी बक्षीस म्हणून पणाला लावतो. हरल्यावर ती सापडत नाही, कारण ती आधीच बिल्बोच्या खिशात गेलेली असते. तेव्हा गॉलम माफी मागतो आणि बदल्यात बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना हीच अंगठी मन ग्रासणारी, सहजी न सुटणारी झाली. ती आपणहून देऊ करणारा गॉलम तिथे बसेना. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले, आणि गॉलम बिल्बोच्या जिवावर उठला.

जुना मजकूर गुपचूप गाडून टाकता आला असता. टॉल्किन यांनी त्याला कथेतच जागा दिली, हे त्यांचे मोठेपण. अंगठीवरचा आपला हक्क पक्का दिसावा म्हणून बिल्बोने सोबत्यांना सांगितलेले आणि स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलेले असत्य, असे त्याचे स्थान ठरले. एरवी सरळ असलेल्या बिल्बोचे हे खोटे बोलणेच अंगठीच्या प्रभावाचा पुरावा झाले. १९३७ च्या प्रतीतले शब्द जसेच्या तसे राहिले. तोवर घटना मानलेली गोष्ट आता साक्ष ठरली, आणि साक्ष खोटी असू शकते. त्यासाठी सर्व काही जाणणाऱ्या निवेदकाला मात्र बिल्बोच्या टिपणांवर विसंबणारा संपादक व्हावे लागले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये एल्रॉन्डच्या सभेत म्हातारा बिल्बो खरी हकिगत सांगतो, आणि ज्यांनी ती आधी त्याच्याच तोंडून वेगळी ऐकली होती, त्यांची क्षमा मागतो.