वाक्य पूर्ण होईपर्यंत

'रन' म्हणजे धावणे, एवढं आपण शाळेत शिकतो. क्रिकेटमुळे तो शब्द घराघरांत पोचलेला आहेच. पण इंग्रजीत या एवढ्याशा शब्दाला केवढी कामं असतात! नळ वाहतो, सर्दीने नाक वाहतं, धुताना कपड्याचा रंग जातो, मोजा उसवत जातो, कोणी दुकान चालवतं, कोणी निवडणुकीला उभं राहतं, घरातलं दूध संपत येतं. आपण दर वेळी वेगळं क्रियापद घेतो. तिथे सगळीकडे 'रन' चालतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिताना पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने गेले. अर्थ निघाले 645. आपलं 'लागणे'सुद्धा काही कमी नाही. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, विहिरीला पाणी लागतं, नव्या सुनेला घराची सवय लागते.

इतके अर्थ ओळखायचे कसे? त्या कोशाची जुनी रीत मला फार आवडते. 1879 मध्ये जेम्स मरे संपादक झाले आणि त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांना हाक दिली. वाचताना एखादा शब्द लक्षात राहिला, की कागदाच्या चिठ्ठीवर तो लिहायचा. पण नुसता शब्द नाही. तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, पुस्तकाचं नाव, पान, साल, सगळं उतरवून पाठवायचं. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. मरे यांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत त्या लावल्या जात, त्यांची मुलंसुद्धा खाऊच्या पैशांसाठी हाताशी बसत. 1915 मध्ये मरे गेले, कोश पुरा झाला 1928 मध्ये. एवढ्या विद्वान माणसांनीही शब्दाचा अर्थ आधी ठरवून टाकला नाही. आधी वाक्य वाचलं, आजूबाजूचे शब्द पाहिले, मग अर्थ लिहिला.

सकाळच्या घाईत आपल्याला हे जमेल. मुलगा म्हणतो, "मला आज शाळेत नाही जायचं." आपण ऐकतो आणि लगेच 'आळस' हा अर्थ लावून मोकळे होतो. पण त्याचं वाक्य अजून संपलेलं नसतं. त्यात कधी अपुरी झोप असते, कधी न झालेला गृहपाठ, कधी मित्राशी झालेलं भांडण. आईचं "राहू दे, मी करते" हेही तसंच. कधी ते खरंच प्रेमाने म्हटलेलं असतं, कधी थकून. कोणतं ते त्या चार शब्दांवरून कळत नाही. आवाज कसा होता, आदल्या दिवशी काय झालं होतं, हातात किती काम आहे, यावरून कळतं.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. डबा भरता भरता "का रे?" एवढं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिलं, तरी पुरे. लहान मुलं पहिल्या वाक्यात क्वचितच खरं कारण सांगतात. ते बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाक्यात येतं, बुटाची नाडी बांधून होता होता.