रॅरिटन खोऱ्याचे पाणी आणि शेतजमिनीचा कर

नदीखोऱ्याचा जलआराखडा धरणांची क्षमता, कालव्यांची वहनक्षमता आणि पाणीवाटपाचे आकडे यांवर उभा असतो. खोऱ्यात पाणी किती मुरेल, किती वाहून जाईल आणि कोणत्या दर्जाचे मिळेल, हे मात्र बऱ्याच अंशी शेतीचे कायदे, करसवलती आणि अनुदाने ठरवतात. न्यू जर्सीतील रॅरिटन नदीच्या खोऱ्यात हा संबंध स्पष्ट दिसतो. सुमारे 1,100 चौरस मैलांच्या या खोऱ्यात सात काउंट्यांचे भाग येतात. हंटरडन आणि समरसेट या वरच्या काउंट्यांत अजून मका, सोयाबीन, गवत आणि रोपवाटिकांची शेती आहे. खालच्या अंगाला, नदीच्या उत्तर काठावर पिस्कॅटवे वसले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथेही शेते होती. आता तेथे वसाहती, कार्यालये, गोदामे आणि रट्गर्स विद्यापीठाचे परिसर आहेत.

खोऱ्याची पाणीव्यवस्था तीन आधारांवर चालते. 1958 मध्ये मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिल्यानंतर स्प्रूस रन आणि राउंड व्हॅली हे दोन जलाशय बांधले गेले. पहिल्याची क्षमता 11 अब्ज गॅलन, म्हणजे सुमारे दीड टीएमसी, तर दुसऱ्याची 55 अब्ज गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात टीएमसी आहे. राउंड व्हॅलीत नदीचे पाणी पंपाने चढवून साठवले जाते आणि प्रवाह घटला की पुन्हा नदीत सोडले जाते. तिसरा आधार डेलावेअर-रॅरिटन कालव्याचा. 1834 मध्ये जलवाहतुकीसाठी सुरू झालेला हा कालवा आज डेलावेअर नदीचे पाणी या खोऱ्यात आणतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या हुकुमाने न्यू जर्सीला डेलावेअरमधून दिवसाला 10 कोटी गॅलन घेण्याची मुभा आहे. या पाण्यापैकी शेतीला थेट लागणारा वाटा थोडाच आहे, कारण पाऊस वर्षभर पडतो आणि बहुतेक पिके त्यावरच निघतात. त्यामुळे येथील शेतीधोरणाचा पाण्यावरचा परिणाम सिंचनातून कमी आणि जमिनीच्या वापरातून जास्त होतो.

त्या वापरावर सर्वांत खोल ठसा 1964 च्या शेतजमीन मूल्यांकन कायद्याचा आहे. किमान पाच एकर जमीन सलग दोन वर्षे शेतीखाली असेल आणि ठरावीक रकमेचा माल विकला जात असेल, तर मालमत्ता कर बाजारभावाऐवजी जमिनीच्या उत्पादनक्षमतेवर आकारला जातो. विक्रीची अट पहिल्या पाच एकरांसाठी वर्षाला 500 डॉलर होती. 2015 च्या करवर्षापासून ती 1,000 डॉलर झाली. जमीन बिगरशेती झाली, तर बदलाचे वर्ष आणि त्याआधीची दोन वर्षे यांचा फरक वसूल होतो. मालमत्ता कर अतिशय चढा असलेल्या या राज्यात ही सवलत नसती, तर वरच्या खोऱ्यातील पुष्कळ शेते कराच्या ओझ्यानेच विकासकांकडे गेली असती. 1983 च्या शेती टिकवण्याच्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. शासन शेतकऱ्याकडून जमिनीच्या विकासाचे हक्क विकत घेते आणि ती जमीन कायमची शेतीखाली राहते. राज्यात अशी सुमारे अडीच लाख एकर जमीन राखली गेली आहे.

जलनियोजनाच्या दृष्टीने ही मोठी कमाई आहे. डांबर आणि सिमेंटने झाकलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. ते गटारांतून एकदम नदीत उतरते. सप्टेंबर 1999 मधील फ्लॉइड आणि सप्टेंबर 2021 मधील आयडा या वादळांत पिस्कॅटवेजवळच्या बाउंड ब्रुकच्या परिसराने मोठे पूर पाहिले. एवढा पाऊस मोकळ्या जमिनीलाही सगळा पोटात घेता येत नाही. पण नेहमीच्या पावसातले मुरणे आणि उन्हाळ्यात नदीला भूजलातून मिळणारा आधार मोकळ्या जमिनीवरच अवलंबून असतो. हा आधार आटला की जलाशयांतून पाणी लवकर सोडावे लागते.

तरीही या धोरणात एक मोठी उणीव आहे: ते जमीन मोजते, पाणी मोजत नाही. करसवलतीच्या अटींत एकर आहेत, डॉलर आहेत. जमीन पाणी मुरण्याच्या क्षेत्रात आहे की नाही, ओढ्याकाठी झाडांचा पट्टा राखला आहे की नाही, याची विचारपूस नाही. त्यामुळे काटेकोरपणे शेती करणारा आणि केवळ करासाठी थोडे गवत किंवा सरपण विकणारा बंगलेवाला, दोघेही एकाच सवलतीचे धनी होतात. खतातील फॉस्फरस आणि जनावरांच्या शेणमुताचा प्रश्नही तसाच सुटा राहतो. 1972 च्या संघराज्यीय स्वच्छ जल कायद्याची परवाना पद्धत शेतातून पावसाबरोबर वाहणाऱ्या पाण्याला लागू होत नाही. परिणामी रॅरिटन आणि मिलस्टोन यांच्या संगमाजवळच्या जलशुद्धीकरण केंद्राला शेते आणि वसाहती या दोहोंकडून आलेले प्रदूषण एकत्रच हाताळावे लागते.

पाणी उपशाच्या परवानगीतही शेतीची वाट वेगळी आहे. 1981 च्या जलपुरवठा व्यवस्थापन कायद्यानुसार दिवसाला एक लाख गॅलनपेक्षा जास्त उपसा करणाऱ्या इतरांना राज्याच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. शेतकऱ्याला मात्र काउंटीच्या कृषी अधिकाऱ्यामार्फत प्रमाणपत्र मिळते. पिकाची जाण असलेल्या अधिकाऱ्याकडे हे काम असणे योग्यच आहे. पण त्यामुळे खोऱ्याचा हिशेब दोन दारांतून येतो.

शेती आणि पाणी या दोन धोरणांची गाठ घालण्याचा मोठा प्रयत्न 2004 च्या हायलँड्स कायद्याने केला. दोन्ही जलाशय ज्या डोंगराळ प्रदेशात आहेत, तेथील विकासावर पाण्यासाठी कडक बंधने आली. शेतीला बरीच सूट मिळाली, पण शेतातील पक्के बांधकाम ठरावीक प्रमाणाबाहेर वाढवायचे असेल, तर मृद्-जल संधारणाचा आराखडा सक्तीचा झाला. जमिनीची किंमत घटल्याची शेतकऱ्यांची तक्रारही रास्त होती. खालच्या शहरांना स्वच्छ पाणी मिळावे म्हणून वरच्यांनी हक्क सोडायचे असतील, तर त्याची किंमत खालच्यांनी मोजली पाहिजे. न्यू जर्सी जलपुरवठा प्राधिकरणाने पाण्याच्या दरात स्रोत-संरक्षणाचा वाटा धरून त्यातून पाणलोटातील जमीन राखण्यास मदत केली, ती याच न्यायाने.

शेतीधोरण पाण्याचे भवितव्य ठरवते, हे सूत्र महाराष्ट्रात दुसऱ्या रूपात दिसते. तेथे धोरणाची पकड जमिनीपेक्षा पिकावर आहे. उसाला हमखास दर आणि हमखास गिऱ्हाईक आहे, तसे ज्वारी-तुरीला नाही. म्हणून आठमाही सिंचनासाठी आखलेल्या लाभक्षेत्रांतही ऊस पसरला. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यात बारमाही पिकांसाठी ठिबक किंवा तुषार सिंचनाची अट घालण्याची तरतूद आहे. परंतु साखर कारखान्याचा दर त्या अटीपेक्षा प्रभावी ठरतो. रॅरिटन खोऱ्यात कराने आणि महाराष्ट्रातील भीमा खोऱ्यात भावाने तेच काम केले, जे जलआराखड्याने करायचे होते.

उपाय सवलती काढून घेण्यात नाही. त्यांना पाण्याची अट जोडण्यात आहे. अमेरिकेच्या 1985 च्या कृषी कायद्याने पाणथळ जमीन बुजवून पीक घेणाऱ्याची संघराज्यीय मदत रोखण्याची तरतूद केली, म्हणजे अशा अटीला आधार आहे. करसवलत पाणी मुरण्याच्या क्षेत्रात अधिक आणि ओढ्याकाठचा पट्टा राखणाऱ्याला आणखी अधिक असावी. पिकाचा हमीभाव ठरवताना खोऱ्यातील उपलब्ध पाणी विचारात घ्यावे. जोवर कृषी खाते आणि जलनियोजन खाते आपापले कागद वेगळे लिहीत राहतील, तोवर खोऱ्याचा खरा आराखडा कर आणि भाव हेच ठरवत राहतील.