किती वर्षांचं गुपित?

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आम्हा संगणकवाल्यांत ईमेल कूटबद्ध करायच्या किल्लीचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: 4096 बिट, मोठी तेवढी बरी. मीही तेच घेत आलो. परवा मिरजेच्या बहिणीसाठी किल्ली बनवताना मात्र हात थांबला. पाठवायचा होता बाबांच्या आनुवंशिक आजाराचा अहवाल. तो माझ्या नऊ वर्षांच्या भाचीच्याही अंगाशी संबंधित आहे. म्हणजे हे गुपित साठ-सत्तर वर्षं टिकायला हवं.

ही किल्ली ज्या आरएसए पद्धतीची, तिची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर आहे: अवाढव्य संख्येचे मूळ अवयव सापडत नाहीत. 512 बिटांची संख्या 1999 मध्ये फुटली, 768 बिटांची डिसेंबर 2009 मध्ये, 829 बिटांची फेब्रुवारी 2020 मध्ये. या चालीनं 2048 अजून दूर आहे आणि 3072 रोजच्या पत्रांना पुरेशी आहे. 4096 घेतल्यानं सुरक्षितता थोडीच वाढते, पत्र उघडायला वेळ मात्र बराच जास्त लागतो. शिवाय पीटर शोरनं 1994 मध्ये दाखवलेली रीत चालवू शकेल असा क्वांटम संगणक उभा राहिला, तर या तिन्ही लांब्या त्याच्यापुढे टिकणार नाहीत. आज वाटेत टिपून ठेवलेलं पत्र तेव्हा उघडता येईल.

आपल्याकडे ही लांबी केवळ गणितानं ठरलेली नाही, याचा मला राग येतो. इंटरनेट सेवेच्या परवान्याच्या अटींत विनापरवानगी मर्यादा होती 40 बिट! आरएसएमध्ये ती बारा-तेरा आकडी संख्या झाली; साधा संगणक क्षणात तिचे अवयव पाडतो. त्याहून मोठी किल्ली हवी, तर परवानगी घ्या आणि उलगडण्याची किल्ली सरकारकडे ठेवा, अशी अट होती. सप्टेंबर 2015 मधल्या सरकारच्या कूटबद्धीकरण धोरणाच्या मसुद्यानं तर नागरिकांनी मूळ मजकूर 90 दिवस जपून ठेवावा असं म्हटलं होतं. ओरड झाली आणि तो मागे घेतला गेला. दोनच वर्षांनी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ते याचिकाकर्ते याच बंगळुरूचे, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

बहिणीची किल्ली मी 3072 बिटांची केली, दोन वर्षांची मुदत घालून. तिचं पहिलं कूटबद्ध पत्र नीट आलं. आतला मजकूर बंद होता. पण विषयाची ओळ कूटबद्ध झाली नव्हती, आणि त्या ओळीत तिनं आजाराचं नाव लिहिलं होतं.

अहवाल मी पाठवला नाही. लिफाफ्यात घातलाय, दिवाळीला मिरजेला जाईन तेव्हा तिच्या हातात देईन.