बद्द दगड

"तुझ्या बापाच्या हातातली छन्नी मीच काढून घेतली. त्याचं मला वाईट वाटत नाही," आबा म्हणाले.

वाघोलीतल्या आमच्या अंगणात काळ्या दगडाचे दोन तुकडे पडले होते. शेजारी आबांची टाकी. हातोडीचा मार खाऊन खाऊन तिचं डोकं फुलासारखं उमललेलं. आबांच्या हातांनी पाटे, जाती, म्हसोबा, नंदी घडवले. आता खाणीतला दगड क्रशरमध्ये जातो आणि खडी होऊन टॉवरच्या पायात पडतो. फोडायला माणसं मिळतात, घडवायला नाहीत.

"मला शिकवा ना. वीस वर्षांची आहे मी."

"उशीर झाला, पोरी. हात आठव्या-दहाव्या वर्षी वळतो. त्या वयात पोरानं शाळेत असावं. दोन्ही खरं, म्हणून मी गप्प बसलो."

मी त्यांना नायजेरियातल्या योरुबा मूर्तिकाराची, लामिदी फाकेयेची गोष्ट सांगितली. जन्म १९२८, घराणं मूर्तिकारांचं. लहानपणी बापाकडे शिकला, पुढे ओये-एकितीला दुसऱ्या घरातल्या बांदेले नावाच्या कारागिराकडे. स्वतः मुसलमान, पण चर्चची दारं कोरली. मग विद्यापीठात शिकवलं.

"म्हणजे विद्या घराबाहेरही जाते, आबा."

"कशात कोरायचा तो?"

"लाकडात."

"लाकडाचा ढलपा उडून खाली पडतो. दगडाची भुकटी छातीत बसते. माझा बाप खोकून खोकून गेला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव दगडानं सोसले, धूळ आम्ही खाल्ली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा बाप मी पाहिलेला नाही. खोकला त्यांनी ऐकलाय.

"धुळीला पाणी मारता येतं, तोंडाला मास्क लावता येतो. पण तुमचा कान? तो कुठल्या पुस्तकात शोधू?"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एका तुकड्यावर हातोडी टेकवल्यासारखी मारली, मग दुसऱ्यावर.

"हा खणखणीत. हा बद्द. आत पोकळी आहे."

वाघोलीच्या दगडात अशा पोकळ्या असतात. त्यांतल्या कॅव्हनसाइट या निळ्या खनिजासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात.

"त्यांना ते रत्न. आम्हाला खोट. देवाचं नाक घडवताना तिथंच फुटायचं."

त्यांनी खांद्यावरचा पंचा भिजवून माझ्या नाकातोंडावर बांधला आणि हातोडी दिली. मी दोन्ही तुकड्यांवर मारून पाहिलं.

"काय ऐकलंस?"

"सारखंच वाटतंय."

"परत मार."