नादाची मालकी

मनुष्य ज्या वस्तूंस आपल्या म्हणतो त्या बहुतेक हद्दींत राहणाऱ्या असतात. शेताला बांध असतो, घराला भिंत असते, विहिरीला कठडा असतो. बांधावरून आणि पाण्याच्या पाळीवरून मराठवाड्यांत कितीहि तंटे होत असले, तरी तंटा कशाबद्दल आहे हें दोन्ही पक्षांना पक्कें ठाऊक असतें. परंतु कांहीं वस्तु अशा आहेत कीं त्यांचें यंत्र तेवढें आपलें असतें, आणि त्यांतून जें निघतें तें आपलें म्हणून कोंडून ठेवतां येत नाहीं. चुलीचा धूर हा त्यांतलाच एक प्रकार, नाद हा दुसरा. ह्या दुसऱ्या प्रकारच्या मालकीचा विचार करण्याची वेळ आमच्यावर एका ध्वनियंत्राच्या निमित्तानें आली. प्रसंग आम्हांस फारसा भूषणावह नाहीं; परंतु तो वगळला तर पुढील विवेचन केवळ पुस्तकी होईल, म्हणून सांगतों.

2016 सालच्या एप्रिलांत आम्हीं आमच्या लातूरच्या घरीं होम थिएटरचा एक उंची रिसीव्हर आणविला. चित्रपटाचा किंवा गाण्याचा ध्वनि घ्यावयाचा, त्याचे पदर वेगळे करावयाचे, आणि प्रत्येक पदर मोठा करून खोलींतील ज्या त्या स्पीकरकडे धाडावयाचा, हें ह्या यंत्राचें काम. समोर तीन, बाजूंना दोन, पाठीमागें दोन असे सात स्पीकर, आणि केवळ खर्जाकरितां सबवूफर नांवाची एक जाड पेटी, असा आमचा संच आहे. छतालाहि स्पीकर लावण्याची जी पद्धत 2014 पासून घरोघर येऊं लागली, तिच्यापाशीं मात्र आम्हीं हात आखडला. किंमत सांगत नाहीं. आमच्या वडिलांनीं मास्तरकीच्या पहिल्या दहा वर्षांत जें मिळविलें तें सगळें त्यांत सहज मावलें असतें, एवढें सांगणें पुरे.

तो आठवडा लातूरकरांना विसरतां येणारा नव्हे. मांजरा धरण कोरडें पडलें होतें, मार्चांत पाणवठ्यांभोंवतीं जमावबंदी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून 10 वाघिणींची पाण्याची पहिली गाडी 5 लाख लिटर पाणी घेऊन आली. त्याच आठवड्यांत वीस किलोंचें आमचें खोकें दुसऱ्या मजल्यावर चढलें. चढविणाऱ्या मुलानें खोकें खालीं ठेवून पाणी मागितलें. घरांतून पेला आला तो अर्धा भरलेला. मुलानें तो पाहिला, आम्हींहि पाहिला. कोणी कांहीं बोललें नाहीं.

पुढें स्नेह्यांत वाद निघे तेव्हां आम्ही म्हणत असूं कीं, आम्हीं रिसीव्हर घेतला नसता म्हणून लातूरच्या एकाहि हंड्यांत पाणी वाढलें नसतें. हें खरेंच आहे. दुष्काळांत गाणें ऐकूं नये असा नियम केला तर ज्या प्रांतांत दुष्काळ दर चारपांच वर्षांनीं दारांत उभा, त्या प्रांतानें गाणें कधीं ऐकावें? परंतु हें उत्तर देतांना तो अर्धा पेला आमच्या डोळ्यांसमोर येतो. दुसरा अर्धा भरून देण्यास आमच्या टाकींत पाणी होतें. दोष यंत्राचा नव्हता, हातांचा होता. आणि आमचा युक्तिवाद यंत्राचा बचाव करीत होता, हाताविषयीं मूग गिळून बसला होता.

आतां त्या सुखाविषयीं. तें खोटें होतें असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. हा रिसीव्हर बसवितांना एका तिकाटण्यावर लहानसा मायक्रोफोन ठेवून खोलींतील सहा-आठ जागीं मोजणी करतात. यंत्र चित्रविचित्र आवाज काढतें, भिंतींवरून परत येणारा नाद ऐकतें, आणि मग प्रत्येक स्पीकरचा वेळ व जोर जुळवून घेतें. मैफलीपूर्वीं तंबोरे लावणाऱ्या शागीर्दाची आठवण आम्हांस त्या वेळीं झाली. जुन्या ध्वनिमुद्रिकेंतील तंबोऱ्याची जवार त्या दिवशीं जितकी स्पष्ट ऐकूं आली तितकी पूर्वीं कधीं आली नव्हती. यामाहा ही जी कंपनी असले रिसीव्हर करते, तिचा आरंभ 1887 सालीं जपानांत एका बिघडलेल्या ऑर्गनच्या दुरुस्तींतून झाला. आमच्या संगीत नाटकांनीं ज्या पायपेटीवर पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, तिच्याच जातकुळीचें तें वाद्य, हें समजल्यावर आमचा परकेपणा बराच कमी झाला.

मात्र एक गंमत सांगितली पाहिजे. मनुष्याचा कान सेकंदास 20 पासून 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो असें शास्त्रग्रंथ सांगतात; पण तो तरुणाचा कान. वय वाढतें तशीं वरचीं कंपनें प्रथम मावळतात. साठीच्या उंबरठ्यावर आम्हीं जें यंत्र घेतलें, त्यांतील वरचा बराच भाग ऐकण्याची शक्ति आमच्या कानांत उरलेलीच नाहीं. शक्तीचीहि तीच कथा. रिसीव्हरवर शंभरसव्वाशें वॅटचा आंकडा लिहिलेला असतो. परंतु वॅट दुप्पट केल्यानें आवाज अवघा 3 डेसिबेल वाढतो, आणि घरगुती ऐकण्यास बहुधा एखाददुसरा वॅट पुरतो. म्हणजे जें आम्ही वापरीत नाहीं आणि जें आम्हांस ऐकूंहि येत नाहीं, त्याचेच पैसे आम्हीं मुख्यतः मोजले. ह्यांत मूर्खपणा किती व माणुसकीला साजेशी हौस किती हें आम्हीं ठरविलेलें नाहीं. ज्यांच्या फडताळांत न वाचलेले ग्रंथ आहेत त्यांनीं आम्हांस हंसूं नये.

आमच्या आजोबांच्या पिढींत रिसीव्हर म्हणजे रेडिओ. गल्लींत एखाद्याच वाड्यांत तो असे, आणि स्वातंत्र्यानंतरहि कितीतरी वर्षें त्याला परवाना काढावा लागे. 17 सप्टेंबर 1948 रोजीं निजामानें शरणागतीचें भाषण नभोवाणीवरून केलें, त्या दिवशीं आपण कोणाच्या ओसरीवर होतों हें आमच्या घरचीं वडीलधारीं माणसें तपशिलानें सांगत. परवाना एकाच्या नांवाचा, ऐकणारी सगळी गल्ली. हल्लींच्या बंद खोलीशीं ह्या चित्राची तुलना करून उसासे टाकण्याची एक रूढि आहे. आम्हीहि ते टाकले आहेत. पण त्या ओसरीवर बसावयास कोणास मिळे, अंगणांतच कोणाला उभें रहावें लागे, आणि बायकांनीं दाराआडून किती ऐकलें असेल, ह्याची आठवण केली म्हणजे उसासा अर्ध्यावरच थांबतो.

आमच्या घराच्या तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या आहेत. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांसाठीं खेड्यांपाड्यांतून मुलें येतात, त्यांना जेवूंखाऊं घालण्याकरितां बरोबर आई किंवा आजी येते, आणि अकरावी-बारावीचीं दोन वर्षें संपलीं कीं खोली रिकामी होते. त्या सालीं तेथें किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यांतील बाई नातवाला घेऊन राहत होत्या. त्या उन्हाळ्यांत त्या पुष्कळदां रात्रीं दहा-अकराला अंगणांत येऊन बसलेल्या दिसत. उकाडा असह्य होता, अर्धें लातूर बाहेर निजत होतें; आम्हांस त्यांत कांहींच विशेष वाटलें नाहीं. जूनच्या अखेरीस एका रात्रीं पाऊस लागला. किती दिवसांनीं लागलेला तो पाऊस! युद्धाचा चित्रपट मध्येंच थांबवून आम्ही खिडकीशीं आलों, तों बाई पागोळ्यांखालीं पदर डोक्यावर घेऊन उभ्या, आणि शेजारीं हातांत पुस्तक धरून नातू.

आम्ही खालीं गेलों. फार विचारावें लागलें तेव्हां त्या म्हणाल्या, “भाऊ, खालून आवाज आला की आत थांबवत नाही बघा. तुमचं मशीन हाय ते ठावं हाय मला. पर पायाला ठावं नाही.”

30 सप्टेंबर 1993 ची पहाट ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगण्याची गरज नाहीं. अनंत चतुर्दशीचें विसर्जन करून लोक निजले होते. 3 वाजून 56 मिनिटांनीं भूकंप झाला, आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें निजलेल्यांच्या अंगावर आलीं. मेलेल्यांची संख्या 10,000 च्या आसपास गेली. आदल्या वर्षींहि त्या भागांत लहान धक्के बसले होते, जमिनींतून आवाज आले होते. म्हणजे आवाज हीच सूचना, हें शिक्षण त्या लोकांना फार महाग किंमतीस मिळालेलें होतें. बाईंच्या घरचीं तीन माणसें त्या रात्रीं गेलीं.

“मग इतके दिवस सांगितलें कां नाहीं?” असें आम्हीं विचारलें. त्यावर त्यांनीं आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, “घर तुमचं. पोराचं बारावीपर्यंत निघाय पाहिजे.”

कायद्यानें आम्ही निर्दोष होतों. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणें वस्तींत दिवसा 55 व रात्रीं 45 डेसिबेलची मर्यादा आहे. आम्हीं मोबाइलवरील मापकानें बाईंच्या खोलींत मोजून पाहिलें. आंकडा चाळिशीच्या आंतच राहिला. पण नियमांतील डेसिबेल हे मानवी कानाच्या आवडीनिवडीप्रमाणें तोललेले असतात, आणि त्या तोलांत अगदीं खालच्या खर्जाला जवळजवळ वजनच दिलेलें नसतें. सेकंदास 30 कंपनांच्या नादाची लाट 11 मीटरांहून लांब; तिला आमची वीतभर भिंत काय अडविणार? ती कानाला कळण्यापूर्वीं फरशीला कळते. मापकाच्या दृष्टीनें जें घडलेंच नाहीं, तेंच दोन महिने खालच्या मजल्यावर घडत होतें.

मिल्लसाहेबांनीं 1859 सालीं स्वातंत्र्यावर जो निबंध लिहिला, त्यांतील तत्त्व आमच्या पिढीनें कॉलेजांत पाठ केलें आहे: दुसऱ्यास अपाय होत नसेल तोंवर मनुष्य आपल्या वर्तनांत स्वतंत्र. येथें अपाय झाला कीं नाहीं? आमच्या एका वकील स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, आवाज तुमचा, भीति तिची. प्रत्येकाच्या पूर्वस्मृतींस जबाबदार राहावयाचें ठरविलें तर दिवाळींत फटाका वाजणार नाहीं कीं ढोल घुमणार नाहीं. युक्तिवाद सोपा नाहीं, आणि त्याला आम्हीं तत्काल उत्तर दिलें असें भासविण्याची इच्छाहि नाहीं. आमच्या मतें भेद एवढाच कीं, ढोलवाल्याला गल्लींतील प्रत्येकाचा भूतकाळ ठाऊक नसतो. बाई कोणत्या गांवच्या हें आम्हांस खोली देतांनाच ठाऊक होतें. आम्हींच तें नोंदवून घेतलें होतें. जें ठाऊक आहे तें लक्षांत न घेणें ह्याला अज्ञान म्हणतां येत नाहीं. आणि दुसरें असें कीं, अपायाची तक्रार येईल तेव्हां पाहूं, असें म्हणणाऱ्या तत्त्वांत तक्रार करण्याची सर्वांना सारखीच मोकळीक आहे असें गृहीत धरलेलें असतें. भाडेकरूला ती नसते. तिचें मौन आम्हीं संमति म्हणून जमेस धरलें होतें.

शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर हा ग्रंथ तेराव्या शतकांत सिंघण यादवाच्या आश्रयानें देवगिरीस, म्हणजे आमच्याच मराठवाड्यांत, लिहिला. नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद त्यांत सांगितले आहेत. आहत म्हणजे आघातानें उत्पन्न होणारा. आजवर आम्हीं तो शब्द ऐकणाऱ्याच्या बाजूनेंच वाचला होता; आघात कोणावर झाला हा प्रश्न मनांत आला नव्हता.

त्या रात्रीपासून सबवूफरची तार आम्हीं काढून ठेवली. बाईंना एकदां आग्रहानें वर बोलावून अभंग ऐकविले. त्या अवघडून कोचाच्या कडेला बसल्या, चांगलें आहे म्हणाल्या, आणि स्वयंपाक राहिल्याचें सांगून लवकर उठल्या. तो आग्रह आमच्या समाधानासाठीं होता हें त्यांना आमच्या आधीं कळलें असावें. गेल्यावर्षीं नांदेडला गुरुद्वाऱ्यांत कीर्तन ऐकत बसलों असतां त्यांची आठवण झाली. तेथें येणाराला कोणी विचारीत नाहीं, उठणाराला कोणी थांबवीत नाहीं. ध्वनियंत्रणा आमच्या घरच्यापेक्षां साधी होती, आणि ती आपली नाहीं ह्याचें एक प्रकारचें हलकेपण मनाला वाटत होतें. परत आल्यावर अर्थात् रिसीव्हर विकला नाहीं.

नातू बारावी होऊन गेला, बाईहि गेल्या. त्यानंतर उदगीरकडचें एक कुटुंब आलें. ह्या वेळीं आम्हीं खोली दाखवितांनाच सगळें सांगितलें, तार जोडून आवाज ऐकविला, आणि त्रास होत असल्यास स्पष्ट सांगा म्हणून बजावलें. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, “खुशाल लावा साहेब, आम्हांला काय त्रास?” आगाऊ रकमेची पावती अजून आमच्याच हातांत होती. तार त्या दिवशीं पुन्हां काढून ठेवली. पण “खुशाल लावा” ह्या त्यांच्या शब्दांना परवानगी म्हणावें कीं नाहीं, ह्यावर आमचें आणि घरच्या मंडळींचें अजून एकमत झालेलें नाहीं.