जडलेला ओलावा

पॉलिथिनवर पाणी टाकलं की ते पसरत नाही. त्याचे टपोरे थेंब होतात आणि जरा तिरपं धरलं की ओघळून जातात. शाई आणि गोंद यांचीही तिथे तीच गत. या प्लास्टिकची लांबलचक साखळी नुसत्या कार्बन आणि हायड्रोजनची असते. पाण्याच्या रेणूनं धरावं असं तिच्यावर काही नसतं.

म्हणून छपाईआधी फिल्मला विजेची ‘कोरोना ट्रीटमेंट’ देतात. पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि शाई धरू लागते. कारागीर तपासणीच्या पेननं फिल्मवर एक रेघ ओढतो. रेघ सलग राहिली तर छपाईला हरकत नाही, तुटून तिचे थेंब झाले तर ट्रीटमेंट कमी पडली. पण हा गुण टिकत नाही. रोल पडून राहिला की साखळ्या सावकाश हलतात, पाणी धरणारे गट आत वळतात आणि पृष्ठभाग पुन्हा पहिल्यासारखा होऊ लागतो.

ग्राफ्टिंगची रीत याहून खोल आहे. कोकणात आंब्याच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधून कलम करतात, तसंच हे. प्लास्टिकवर बेंझोफिनोनचा पातळ थर देऊन अतिनील प्रकाश टाकतात. ते द्रव्य साखळीतला एखादा हायड्रोजन काढून घेतं. त्या मोकळ्या जागी पाण्याची ओढ असलेला एक रेणू जोडला जातो, त्याला दुसरा, मग तिसरा. नवी साखळी तिथूनच वाढते. रासायनिक बंधानं जडलेली असल्यामुळे ती पुसून किंवा धुऊन निघत नाही.

याचं मोल कळतं ते कृत्रिम खुब्यात. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये खुब्याच्या वाटीसाठी पॉलिथिन वापरायला सुरुवात केली आणि असंख्य माणसं पुन्हा चालू लागली. मात्र वर्षानुवर्षांच्या घर्षणानं त्या वाटीचे बारीक कण सुटतात. शरीर त्या कणांशी झगडतं, त्यात भोवतालचं हाड झिजतं आणि सांधा सैल होतो. टोकियो विद्यापीठातले काझुहिको इशिहारा आणि त्यांचे अस्थिरोगतज्ज्ञ सहकारी यांनी २००४ मध्ये यावर उपाय मांडला. पेशीच्या आवरणातल्या रेणूच्या धर्तीवर घडवलेला एक रेणू त्यांनी या वाटीवर ग्राफ्ट केला. हा थर सुमारे १०० नॅनोमीटरचा, केसाहून शेकडो पटींनी पातळ. तो पाणी धरून ठेवतो आणि त्या पाण्यावर सांधा फिरतो. चाचणीयंत्रावर लाखो फेऱ्यांनंतरही झीज अगदी कमी आढळली. २०११ पासून जपानमध्ये रुग्णांना असे सांधे बसवले जाऊ लागले. वाटीचं अंग मात्र तेच राहिलं, शरीराचा भार पेलणारं चिवट पॉलिथिन.

या कामातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. कणखर माणसाला मऊ व्हायचं तर कणखरपणा टाकावा लागेल, असं आपण धरून चालतो. पण भार पेलणारं अंग तसंच ठेवून, जिथे दुसऱ्याचा स्पर्श होतो तेवढ्या जागी ओलावा आणता येतो. घरातल्या करड्या वडीलधाऱ्यांना, शिस्तीच्या शिक्षकांना, दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना हे साधू शकतं.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. एक हायड्रोजन सुटल्याखेरीज त्या साखळीला नवं काही जडत नाही. एखाद्या भाषणानं किंवा पुस्तकानं चार दिवस आपण भारावतो आणि मग होतो तसेच होतो, कारण जागचं काही हललेलंच नसतं. आज कुणाचं म्हणणं ऐकायला बसाल तेव्हा आपलं एक ठाम मत, एक जुना राग किंवा मीच बरोबर हा हट्ट आधी सोडून पाहा. जे सुटेल ते अगदी लहान असेल, पण नातं जडायला तेवढी मोकळी जागा लागतेच.